शेऱ्याचा रकाना

"इतकं जुळत नसतं," डॉ. जयसिंग इंगवले म्हणाले. माझ्या ग्राफवर त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि तिथंच धरून ठेवलं. "रीडिंग कोण घेतं तुमच्याकडं?"

२००२ सालचा फेब्रुवारी होता. इंगवले सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक, सांगलीला राहायचे. ग्राफवर दोन रेषा होत्या. एक मी कॉम्प्युटरवर काढलेली, दुसरी आमच्या प्रयोगशाळेत मोजलेली. नोव्हेंबरपर्यंत या दोघी भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींकडं पाठ करून होत्या. डिसेंबरपासून एकीवर दुसरी बसायला लागली होती. सर खूश होतील असं धरून मी कोल्हापुरातून पेढे घेऊन गेले होते. पुडा पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

"केरबामामा घेतात," मी म्हणाले. "आमचे लॅब असिस्टंट."

"कायम आहेत?"

"नाही. चौदा वर्षं हंगामी. येत्या मार्चमध्ये मुलाखत आहे, कायम करायची."

"त्याला अहवाल कुणाचा लागतो?"

"ज्याच्या हाताखाली काम करतात त्याचा. म्हणजे माझा."

सर हसले नाहीत. पेन्सिल उचलून त्यांनी खिशाला लावली. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा चपला घालताना मला म्हणाले, "ही माणसं हुशार असतात. मॅडमना काय पाहिजे ते त्यांना आपल्याआधी कळतं. बघा जरा."

बघा जरा. सांगलीहून एस.टी. कोल्हापूरला येईपर्यंत मी तेवढंच चघळत होते.

मला कुणी काही 'बघा' म्हणायची गरज नसते. माझा स्वभावच संशयी आहे आणि त्याची मला लाजही वाटत नाही, कारण तो मी विकत घेतलेला नाही, मला तो फुकट दिलेला आहे. सत्त्याण्णव साली मी एम.ई. केलं, गुऱ्हाळाच्या भट्टीवर. उसाचा रस ज्या मोठ्या कढईत आटतो तिच्याखाली चिपाडाचा जाळ असतो, आणि त्यातली निम्म्याच्या वर उष्णता धुराड्यातून वर निघून जाते. ती कुठून कशी जाते हे मी मोजलं आणि भट्टीची रचना बदलून तीन किलो चिपाड लागत होतं तिथं दोन किलोत गूळ काढून दाखवला. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी माझा प्रबंध चाळला, नावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं तुम्हीच केलंत का?" दुसऱ्या कुठल्याच विद्यार्थ्याला त्यांनी ते विचारलं नव्हतं. मी दारामागं उभी राहून सगळ्यांचे प्रश्न ऐकले होते.

भट्टीवर माझ्याबरोबर केरबामामा होते. कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. आधी फौंड्रीत होते, मग आमच्या कॉलेजात आले. तापमान मोजायची सळई घेऊन ते भट्टीच्या तोंडाशी बसायचे. एकदा जाळ उलटला आणि त्यांच्या दोन्ही भुवया जळाल्या. आकडा मात्र त्यांनी आधी सांगितला, मग कपाळाला हात लावला.

भट्टीवरून मी हाडांकडं गेले याचं लोकांना नवल वाटायचं. मला त्यात नवल काही दिसलं नाही. उष्णता कुठून निघते आणि कुठं जाते, प्रश्न तोच. पाय मोडला की डॉक्टर हाडाला भोकं पाडतात आणि स्क्रूनं पट्टी बसवतात. भोक पाडताना ड्रिल तापतं. सत्तेचाळीस अंशांवर मिनिटभर राहिलं की भोकाच्या कडेचं हाड मरतं, आणि मेलेल्या हाडात स्क्रू टिकत नाही. किती वेगानं, किती दाबून भोक पाडलं तर हाड वाचेल हे कॉम्प्युटरवर आधीच काढता यावं, हा माझा विषय. कॉम्प्युटरमध्ये मी हाडाचे बारीक बारीक हजारो तुकडे पाडले होते आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात उष्णता कशी जाते याची गणितं लावली होती. ते गणित खरं की खोटं हे ठरवायला खऱ्या हाडात भोकं पाडायला हवी होती. भोकापासून अर्ध्या मिलिमीटरवर एक बारीक तार रोवायची, तिचं दुसरं टोक मीटरला, आणि मीटरवरचा आकडा रजिस्टरमध्ये.

हाडं फक्रुद्दीनभाई द्यायचे. मटण मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आणि दुकानावर घर. रेड्याच्या मांडीचं हाड, माणसाच्या हाडाला बरंच जवळचं. सुरुवातीला मी स्वतः आणायला जायचे. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पेपरात गुंडाळलेल्या हाडाचं रक्त माझ्या पिशवीतून गळलं आणि साडीच्या काठाला लागलं. मी नाकाला रुमाल लावला. फक्रुद्दीनभाईंनी ते पाहिलं. त्यानंतर मी केरबामामांना पाठवायला लागले. मामा दर गुरुवारी कॉलेजला येतानाच हाडं घेऊन यायचे, करवतीनं तुकडे पाडायचे, ड्रिलिंग मशीनला लावायचे. मी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. हाड माझ्या नजरेला पडायचं कारणच उरलं नाही.

खरं सांगायचं तर मला ते नको होतं. स्टाफरूममध्ये एकदा कुणीतरी पाठीमागून म्हणालं होतं, "त्यांना काय, सवय असेल." मी वळले तेव्हा चौघं चहा पीत होते आणि चौघांचीही तोंडं कपात होती. कोण बोललं हे मी अजूनही शोधते आहे. घरी आईचं वेगळंच. माझी आई पारूबाई, शाहूवाडीकडची. माझ्या आजीनं, वडिलांच्या आईनं, छप्पन साली दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायची सोडली, त्यापायी गावानं केलेले हाल सोसले. आईला मी माझा विषय समजावून सांगितला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माज्या सासूनं हाडं टाकली ती टाकली. आन् तू येवढी शिकून हाडंच आणलीस व्हय गं?" ती थट्टेनं म्हणाली, पण मला लागलं.

तर अशी मी. सांगलीहून आले ती थेट लॅबमध्ये गेले.

मामांचं रजिस्टर लांबरुंद होतं. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर शेऱ्याचा रकाना. आमच्या कॉलेजात प्रत्येक रजिस्टरला तो असतो, कुणी काही लिहीत नाही. पहिल्या दिवशी मीच मामांना सांगितलं होतं, "रकाना आहे तर भरत जा." त्यांनी ते फार मनावर घेतलं. 'लाईट गेली ११.२०.' 'पाऊस. खिडकी लावली.' 'प्राचार्य येऊन गेले.' पहिले आठ दिवस मी वाचलं आणि मग सोडलं. टाईप करताना रजिस्टर दुमडून ठेवायचं, डावं पान वर, आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकायचे, मिटायचं. दीड वर्ष माझी हीच पद्धत होती.

त्या दिवशीही मी डावीच पानं उलटत गेले. नोव्हेंबरपर्यंत आकडे कसेही होते: ४२, ३९.५, ४४, ४०. माझं गणित म्हणत होतं ५१. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ५०.५, ५१, ५१.५, ५१. असे पानंच्या पानं. डिसेंबरमध्ये मी आनंदानं टाईप केलेले हेच आकडे आता माझ्याकडं बघून हसताहेत असं मला वाटलं. नोव्हेंबरच्या शेवटी मी मामांसमोर डोक्याला हात लावून बसले होते आणि म्हणाले होते, "मामा, हे एक्कावन्नच्या आसपास यायला पाहिजे हो. जूनच्या आत प्रबंध गेला नाही तर सगळं पाण्यात." मी स्वतः सांगितला होता आकडा. आणि पुढच्याच आठवड्यात तो यायला लागला.

मग मला एकेक आठवायला लागलं. जानेवारीत ते दारात उभं राहून म्हणाले होते, "मॅडम, हाडाचा आवाज येगळा येतुया." मी म्हणाले होते, "आवाजाचं सोडा मामा, आकडे नीट घ्या." आता मला वाटलं, उद्या पकडले गेलो तर सांगायला कारण असावं म्हणून आधीच पेरून ठेवलं होतं. ते हल्ली काम लवकर संपवतात असंही वाटलं. ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत असं वाटलं. खरं तर ते कुठल्याच मॅडमशी कधी नजरेला नजर देऊन बोलत नाहीत, त्यांच्या वयाची कोल्हापुरातली कितीतरी माणसं देत नाहीत. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

सरळ विचारायचं होतं. पण विचारलं तर ते नाही म्हणणार, आणि ते नाही म्हणाले तर मी काय करणार? म्हणून मी सापळा लावला.

मीटरच्या मागं दोन स्क्रू असतात, तारेची दोन टोकं तिथं बसतात. त्या दोन स्क्रूंना एक छोटी आडवी तार जोडली की मीटरला हाडातलं काही कळत नाही. तो खोलीचं तापमान दाखवत बसतो. वर काही दिसत नाही, आकडा येत राहतो. एका सोमवारी मी मामांच्या आधी अर्धा तास येऊन लॅब उघडली, तार जोडली, मीटर भिंतीकडं सरकवून ठेवला, कुलूप लावलं. मग स्टाफरूममध्ये जाऊन चहा प्याले. खोलीचं तापमान होतं एकतीस. मामांनी एकतीस लिहिलं तर माणूस खरा. एक्कावन्न लिहिलं तर खोटा. शाळेतल्या मुलालाही कळेल इतका सोपा प्रयोग होता. मला त्याचा अभिमानच वाटत होता.

चार वाजता मामा गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. नेहमीसारखं दुमडून. पहिल्या ओळीत ३१ लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली. त्याखाली ५१, ५०.५, ५१, ५१.५.

म्हणजे त्यांनी खरा आकडा पाहिला होता, लिहिलाही होता, आणि मग तो खोडून मला आवडणारा लिहिला होता. मला राग आला तो आकड्यांचा नव्हता. परीक्षकांनी मला विचारलं होतं 'तुम्हीच केलंत का', आणि आता जगात कुणीही ते विचारू शकत होतं, आणि तो माणूस बरोबर ठरला असता. चौदा वर्षं ओळखीच्या माणसानं मला त्या जागी नेऊन बसवलं होतं. मी मीटर फिरवून मागं बघितलं नाही. एवढं एक काम राहिलं. हात लांब केला असता तरी झालं असतं.

त्याच संध्याकाळी घरी बसून मी अहवाल लिहिला. 'निरीक्षणे नोंदवण्याबाबत विश्वासार्ह नाहीत. कायम करण्याची शिफारस करता येत नाही.' आई शेजारी बसली होती. तिनं विचारलं म्हणून सांगितलं.

"केरबानं?" ती म्हणाली. "त्यानं भुवया जाळून घेतल्यात तुज्या भट्टीत."

"भुवयांचा इथं काय संबंध, आई."

"तुला त्या परीक्षकानं काय इचारलं हुतं, ते इसरलीस?"

"त्याच्यासाठीच करतेय हे," मी म्हणाले, आणि पाकीट बंद केलं.

अहवाल गोपनीय होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो सगळ्या कॉलेजला माहीत होता. विभागप्रमुखांनी मामांना मुलाखतीपर्यंत वर्कशॉपला पाठवलं. मामा मला ते सांगायला आले. मी कॉम्प्युटरकडं बघत राहिले. काही विचारतील, रडतील, भांडतील, मी सगळ्याची तयारी केली होती. ते एवढंच म्हणाले, "हाडं गुरुवारी आणायची असत्यात. फक्रुद्दीनभाईला सांगून ठिवलंय. सकाळच्यालाच जावा, मागनं गर्दी हुती." आणि गेले. त्यांच्याकडची लॅबची किल्ली मागायचंही मला सुचलं नाही.

गुरुवारी मी गेले. शनिवारी मुलाखती होत्या, आणि मला प्रबंधासाठी खात्रीची रीडिंग स्वतःच्या हातानं घ्यायची होती. फक्रुद्दीनभाईंनी मला पाहिलं, गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही कशाला आला? मामा कुठं हायत?"

"दुसरं काम आहे त्यांना."

मागच्या जिन्यावरून त्यांची बायको मेहमुदा खाली आली. तिच्या हातात झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा होता. "वर या की मॅडम, दोन मिनिटं बसा. आज थोडा उशीर झालाय, अजून वाळली न्हाईत," ती म्हणाली.

"काय वाळली नाहीत?"

"हाडं."

मी तिच्यामागून जिना चढले. स्वयंपाकघरात स्टोव्हवर मोठं पातेलं होतं, त्यात पांढरट पाणी. गच्चीवर फळीवर चार हाडं उन्हात मांडून ठेवली होती. खडूसारखी पांढरीशुभ्र. त्यांना वास नव्हता, चिकटपणा नव्हता, कुठं मांसाचा कण नव्हता.

"सोडा घालून दोन पाण्यातनं उकडून काढते," मेहमुदा सांगत होती. "मग दोन दिवस ऊन. ह्यांनी लई उशिरा सांगितलं मला, मॅडमनी नाकाला रुमाल लावला हुता म्हणून. मला लई वाईट वाटलं बघा. कॉलेजातल्या बाई, असलं रक्ताचं हातात घेऊन कशा शिकवणार? तवापासनं मीच करते. मामांना सांगितलं, मॅडमला म्हणावं आता वास येणार न्हाई."

"कधीपासून?"

"रमजानच्या आधी दोन-तीन हप्त्यांपासनं केलं असंल. पहिल्यांदा नीट जमत नव्हतं, अर्धंकच्चं ऱ्हायचं. रमजानमध्ये हात बसला."

रमजान नोव्हेंबरच्या मध्याला लागला होता आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत होता. मी फळीजवळ उभी राहिले. उकडलेल्या, वाळवलेल्या हाडात पाणी नाही, चरबी नाही. त्यातून उष्णता पुढं सरकत नाही, भोकाच्या कडेलाच साचते. ते तापणारच. माझं गणित ज्या हाडाचं होतं ते हेच हाड होतं. जिवंत माणसाच्या पायातलं नव्हतं.

मेहमुदानं मला सरबत दिलं. मी ते प्याले की नाही आठवत नाही. निघताना ती म्हणाली, "चांगली झाल्यात न्हवं हाडं?" मी म्हणाले, "फार चांगली."

लॅबमध्ये येऊन मी रजिस्टर काढलं आणि दीड वर्षात पहिल्यांदा दोन्ही पानं उघडून टेबलावर सपाट ठेवलं.

मामांचं अक्षर तिरकं, शब्द मोजके. नोव्हेंबर, तिसरा आठवडा: 'हाड अर्धवट उकडलेलं. मॅडमनी सांगितलं असावं.' डिसेंबर, पहिला आठवडा: 'हाड उकडून वाळवलेलं. भुकटी कोरडी उडते. पहिल्यासारखी चिकट नाही.' त्याच महिन्यात पुढं: 'आकडा वाढला. हाडामुळं असावा. विचारावं.' जानेवारी: 'आवाज वेगळा. मॅडमना सांगितलं. सोडा म्हणाल्या.' त्याखाली दर गुरुवारी न चुकता एकच शब्द: 'उकडलेलं.' 'उकडलेलं.' 'उकडलेलं.'

मग त्या सोमवारचं पान. डावीकडं खोडलेला ३१. उजवीकडं:

'पहिल्या भोकाला ३१. ड्रिल हाताला चटका देतंय, मीटर गार. मीटर फिरवून मागं बघितलं. दोन स्क्रूंना आडवी तार लावलेली. काढली. पुन्हा पहिल्यापासून घेतलं. तार सोबत जोडली आहे.'

मी रजिस्टर उलटं केलं. मागच्या पुठ्ठ्याला खाकी टेपनं माझी तार चिकटवलेली होती. टेपवर तारीख.

मला रडू आलं. कुणाला दिसेल म्हणून दाराकडं बघितलं, आणि दाराकडं बघितलं याचीच जास्त लाज वाटली.

संध्याकाळी मी मंगळवार पेठेत केरबामामांच्या घरी गेले. ते दारात बसून सायकलची चेन घासत होते. मला पाहून हात पुसून उठले, आत वळून म्हणाले, "अंबू, मॅडम आल्यात, च्या ठेव." अंबूबाई, त्यांची बायको, आतून डोकावली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली. चहा आला तो मामांनीच आणला.

"मामा," मी म्हणाले, "ती तार मी लावली होती."

"म्हायती हाय की."

"कसं?"

"लॅबच्या किल्ल्या दोनच हाईत, मॅडम. एक माज्याकडं, एक तुमच्याकडं. म्या न्हवती लावली."

ते हे आवाज न चढवता म्हणाले, एखादा आकडा सांगावा तसं.

"मग त्याच वेळी मला विचारलं का नाही?"

"तुमी लावली म्हंजी कायतरी बघायचं असंल तुमाला, असं वाटलं. रजिस्टरला लिवलं. म्हटलं वाचतील."

"मी उजवं पान वाचत नव्हते, मामा."

"त्येबी म्हायती हाय. दुमडलेली घडी पडलीया रजिस्टरला." त्यांनी चेनकडं पाहिलं. "पर रकाना हाय म्हटल्यावर लिवायचं. तुमीच सांगितलं हुतं."

शनिवारी मुलाखतीला मी बोलावणं नसताना गेले. समितीत प्राचार्य होते, विभागप्रमुख होते, संस्थेचे दोन पदाधिकारी होते. माझा अहवाल मी परत मागितला. का, म्हणून विचारलं तेव्हा रजिस्टर उघडलं आणि शेरे वाचून दाखवले, नोव्हेंबरपासून. तारेचा शेरा वाचून मी रजिस्टर उलटं करून तार दाखवली.

"ही तार कुणी लावली?" एका पदाधिकाऱ्यानं विचारलं.

"मी."

"स्वतःच्या प्रयोगात?"

"होय."

"मग तुमचं संशोधन?" प्राचार्यांनी विचारलं.

"चार महिन्यांची रीडिंग बाद आहेत, सर. त्याआधीची, न जुळणारी, तीच खरी आहेत. जूनला प्रबंध जाणार नाही."

विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं. नसेलही. मी असं काही बघायचं सोडायचा प्रयत्न करत होते.

इंगवले सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी म्हणालोच होतो, काहीतरी आहे." मग मी तो जुना शोधनिबंध काढला ज्यातून हाड उष्णता किती वेगानं पुढं सरकवतं हा आकडा मी डोळे झाकून उचलला होता. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: नमुने उकळून वाळवलेले. दीड वर्ष ती ओळ तिथं होती, मामांच्या शेऱ्यांसारखीच. वर्षभराची मुदतवाढ मिळाली, ओल्या हाडाचा आकडा घातला, गणित पुन्हा लावलं. मेहमुदाला मी स्वतः जाऊन सांगितलं की आता कच्चीच हाडं द्या, रक्तासकट. तिला ते पटलं नाही, पण दिली. मी रुमाल लावला नाही.

एप्रिलच्या शेवटी मामा लॅबमध्ये आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि कायम झाल्याच्या आदेशाची झेरॉक्स. मी उठून उभी राहिले. त्यांनी पेढा दिला, मी खाल्ला.

"सोमवारपासून येताय ना इकडं?" मी विचारलं.

"न्हाय मॅडम. वर्कशॉपलाच ऱ्हातो म्हणून अर्ज दिलाय."

"मामा, चूक माझी होती. सगळ्यांसमोर कबूल केली मी."

"व्हय की. म्हणून तर पेढं आणलं." त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "तुमच्यावर राग न्हाय माजा. पर किल्ल्या दोन हाईत तवर काय बी बिघडलं की तुमी माज्याकडं बघणार. बघायचं न्हाय म्हणून ठरवलं तरी बघणार. त्यापरास ही तुमच्याकडंच असू दे."

त्यांनी रजिस्टरला हात लावला, त्या घडीवरून अंगठा फिरवून ती सपाट केली, आणि गेले.

तेव्हापासून रीडिंग मी घेते. हाड मी कापते, भोक मी पाडते, आकडा मी लिहिते, शेरा मी लिहिते. लॅबच्या दोन्ही किल्ल्या माझ्याच पर्समध्ये असतात, कुलूपही माझ्याच हातचं. तरी रोज सकाळी पहिलं भोक पाडायच्या आधी मी मीटर फिरवते आणि मागं कुणी काही लावलंय का ते बघते.